विश्लेषण : दीक्षा कोणाची खरी? मुंबईचे बिशप पामर यांनी चर्च-ऐक्याचा पेच कसा सोडवला?

मुंबईच्या उपनगरांत ख्रिस्ती समाज म्हटला, की आठवतात ते साष्टीचे ईस्ट इंडियन कॅथलिक. साकीनाका, मरोळ, अंधेरी या पट्ट्यातील जुनी गावठाणे, त्यांतले क्रूस आणि सीप्झच्या आवारातील १५७९ सालच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष ही पोर्तुगीज काळाची खूण. पण मुंबईत ख्रिस्ती धर्माची दुसरी धारा आली ती इंग्रजांबरोबर, प्रॉटेस्टंट पंथांची. ही धारा एकसंध कधीच नव्हती. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथॉडिस्ट अशा अनेक चर्चमध्ये ती विभागलेली होती. या विभागणीवर तोडगा शोधण्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे देणारे एडविन जेम्स पामर हे १९०८ ते १९२९ या काळात मुंबईचे बिशप होते. दक्षिणेत १९४७ मध्ये जे ऐक्य झाले, त्याच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता. मात्र त्यांच्या स्वतःच्या मुंबईला त्यासाठी १९७० पर्यंत वाट पाहावी लागली.

कोण होते बिशप पामर?

पामर यांचा जन्म १८६९ चा. वडील एडविन पामर हे ऑक्सफर्डमध्ये लॅटिनचे प्राध्यापक आणि पुढे ऑक्सफर्डचे आर्चडीकन. एक काका इंग्लंडचे लॉर्ड चान्सलर झाले. दुसरे काका विल्यम पामर यांची कथा पुतण्याच्या आयुष्याशी विलक्षण जुळणारी आहे. अँग्लिकन आणि रशियन ऑर्थोडॉक्स ही एकाच चर्चची अंगे आहेत, असे मानून विल्यम १८४० मध्ये रशियाला गेले आणि तेथील चर्चकडे प्रभुभोजनात सहभागाची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. पुढे १८५५ मध्ये ते रोमन कॅथलिक झाले. म्हणजे ख्रिस्ती पंथांतील भिंती किती उंच आहेत, याचा अनुभव या घराण्याला आधीच आलेला होता.

पुतण्याचे शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात झाले. १८९६ मध्ये धर्मदीक्षा घेतल्यानंतर ते बेलियलमध्येच फेलो आणि चॅप्लेन होते. १९०८ मध्ये त्यांची मुंबईचे बिशप म्हणून नियुक्ती झाली. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत १८३७ मध्ये स्थापन झालेला होता आणि पामर हे त्याचे सातवे बिशप. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल हे त्यांचे मुख्य चर्च. ग्रंथालयात वाढलेला हा माणूस काँग्रेसच्या, टिळकांच्या आणि पुढे गांधीजींच्या काळातील मुंबईत आला आणि २१ वर्षे राहिला.

तेव्हा मराठी मुलुखात चर्चची स्थिती काय होती?

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ते काँग्रिगेशनल पंथाचे. अहमदनगर जिल्हा हे त्यांचे मोठे क्षेत्र बनले. जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मुंबई-पुण्यात, तर स्टीफन हिस्लॉप नागपुरात काम करत होते. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन संस्था होती. एसपीजी ही दुसरी अँग्लिकन संस्था १८७० च्या दशकात नगर जिल्ह्यात आली, तेव्हा अमेरिकन मिशनच्या क्षेत्रात तिने शिरकाव केल्याच्या तक्रारी झाल्या.

मिशनांनी नंतर आपापसांत क्षेत्रे वाटून घेण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे भांडणे कमी झाली, पण एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. कोणत्या पंथाचा ख्रिस्ती व्हायचे, हे माणसाच्या श्रद्धेने नव्हे तर त्याच्या गावाच्या पत्त्याने ठरू लागले. या पंथांतील मतभेद इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेच्या इतिहासातून आलेले होते. नगर किंवा नाशिकच्या खेड्यातील माणसाचा त्या इतिहासाशी काहीच संबंध नव्हता. तरीही त्या भांडणांचा वारसा त्याच्या वाट्याला आला.

वादाचे मूळ नेमके काय होते?

देव, ख्रिस्त, बायबल यांविषयी या चर्चमध्ये फारसा वाद नव्हता. पेच होता तो पाळकाच्या दीक्षेचा. अँग्लिकन परंपरेत पाळकाला दीक्षा बिशपच देतो. बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतो. त्या बिशपला आधीच्या बिशपांनी तशीच दीक्षा दिलेली असते आणि ही साखळी प्रेषितांच्या काळापर्यंत मागे जाते, अशी श्रद्धा आहे. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल चर्चमध्ये बिशपच नसतात. तिथे दीक्षा देतात ते ज्येष्ठ पाळक किंवा खुद्द मंडळी.

अँग्लिकन उच्चमतवाद्यांच्या दृष्टीने बिशपशिवाय दिलेली दीक्षा अपुरी. म्हणून अशा पाळकाने दिलेले प्रभुभोजनही शंकास्पद. याचा सरळ अर्थ असा, की एक होताना दुसऱ्या बाजूच्या पाळकांनी बिशपकडून पुन्हा दीक्षा घ्यायला हवी. पण तीस-चाळीस वर्षे बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी केलेल्या पाळकाने पुन्हा दीक्षा घेणे, म्हणजे आपण आजवर खरे पाळक नव्हतोच अशी कबुली देणे. हे कुणाला मान्य होणार?

हा वाद किती तापू शकतो, याची चुणूक १९१३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील किकुयु येथे दिसली होती. तिथे अँग्लिकन बिशपांनी इतर प्रॉटेस्टंटांसह एकत्र प्रभुभोजन घेतले, तेव्हा झांझिबारच्या बिशपांनी आपल्याच सहकाऱ्यांवर पाखंडाचा आरोप केला. पामर स्वतः बिशपपरंपरा निष्ठेने मानणारे होते. त्यामुळे ऐक्याच्या चर्चेत ते आले, तेव्हा त्यांच्याकडून ताठर भूमिकेचीच अपेक्षा कुणी केली असती.

ट्रँकेबारमध्ये काय घडले?

ऐक्याची हाक बिशपांच्या प्रासादातून आली नाही, भारतीय पाळकांकडून आली. १ आणि २ मे १९१९ रोजी तमिळ किनाऱ्यावरील ट्रँकेबार येथे ३३ जण जमले. त्यातले बहुतेक भारतीय होते. त्यांत अग्रणी होते वेदनायगम सॅम्युएल अझरिया. १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झालेले अझरिया हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. दुसऱ्या बाजूला दक्षिण भारत संयुक्त चर्चचे पाळक होते. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल पंथांच्या मिलाफातून ते चर्च १९०८ मध्ये, म्हणजे पामर मुंबईत आले त्याच वर्षी, स्थापन झाले होते.

ट्रँकेबारच्या निवेदनाचा गाभा असा होता : आपल्यातील फुटी आपण निर्माण केलेल्या नाहीत, त्या आपल्यावर लादल्या गेल्या, पहिल्या महायुद्धाने हादरलेल्या जगात विभागलेल्या चर्चचे बळ उरत नाही. ऐक्याचा पाया म्हणून चार गोष्टी पुढे आल्या. बायबल, दोन प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार आणि स्थानिक परिस्थितीनुसार जुळवून घेतलेली बिशपपरंपरा. पहिल्या तीन मुद्द्यांवर सहमती सोपी होती. चौथ्या मुद्द्यावर पुढची २८ वर्षे गेली.

पामर यांची भूमिका काय होती?

१९२० मध्ये दोन्ही चर्चच्या समित्यांच्या संयुक्त बैठका सुरू झाल्या. अँग्लिकन बाजूने विचारांची मांडणी करण्याची मुख्य जबाबदारी हळूहळू पामर यांच्याकडे आली. अझरिया हे चळवळीची प्रेरणा आणि पामर तिचे घटनाकार, असे या जोडीचे वर्णन करता येईल. त्याच वर्षी लंडनच्या लँबेथ प्रासादात जगभरातील अँग्लिकन बिशपांची परिषद झाली. तिने सर्व ख्रिस्ती लोकांना ऐक्याचे आवाहन केले. बिशप नसलेल्या चर्चमधील पाळकांच्या कार्यालाही ईश्वरी आशीर्वाद लाभला आहे, हे त्या आवाहनात मान्य करण्यात आले. ऐक्याच्या या प्रश्नावर झालेल्या कामात पामर सहभागी होते.

लँबेथच्या आवाहनातून पहिला तोडगा पुढे आला : दोन्ही बाजूंच्या पाळकांनी एकमेकांकडून अधिकारपत्रासारखी मान्यता घ्यावी. अँग्लिकन पाळकही दुसऱ्यांकडून ती घेतील, म्हणजे कुणाचाच कमीपणा होणार नाही. कागदावर हे न्याय्य होते. पण दक्षिण भारतातील पाळकांना त्यात खोच दिसली. दुसऱ्या नावाने ही पुन्हा दीक्षाच आहे, असा संशय त्यांना होता आणि तो निराधार नव्हता. अनेक अँग्लिकन त्याकडे तसेच पाहत होते.

मग अंतिम तोडगा काय निघाला?

१९२५ मध्ये वेस्लियन मेथॉडिस्टही वाटाघाटींत आले आणि त्यानंतरच्या वर्षांत चर्चेला निर्णायक वळण मिळाले. पामर यांनी अँग्लिकन बाजूने वेगळी मांडणी उचलून धरली. भूतकाळाचा निवाडा करायचाच नाही, भविष्याची व्यवस्था लावायची, हे तिचे सूत्र.

त्यानुसार ऐक्याच्या दिवशी तिन्ही चर्चचे सर्व पाळक जसे आहेत तसे नव्या चर्चचे पाळक होतील. कुणालाही पुन्हा दीक्षा नाही, कुणाच्याही मस्तकावर नव्याने हात नाही. त्या दिवसापासून पुढच्या सर्व दीक्षा मात्र बिशपच देतील. म्हणजे दोन प्रकारचे पाळक सुमारे ३० वर्षे, एक पिढीभर, शेजारी शेजारी काम करतील. जुनी पिढी निवृत्त होईल तसा प्रश्न आपोआप विरघळत जाईल आणि ३० वर्षांनी पुढचे नियम चर्च स्वतःच ठरवेल.

त्याला एका वचनाची जोड दिली गेली. ज्या मंडळीचा एखाद्या पाळकाच्या दीक्षेविषयी मनापासून आक्षेप असेल, तिच्यावर तो पाळक लादला जाणार नाही. अँग्लिकन भाविकाला त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध वागायला लावायचे नाही आणि काँग्रिगेशनल पाळकाला आपली हयात खोटी ठरवायला लावायची नाही, अशी ही दुहेरी हमी होती. १९२९ मध्ये ऐक्याची योजना प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या केंद्रस्थानी हीच रचना होती.

यासाठी इंग्लंडशी फारकत का हवी होती?

या काळात भारतातील अँग्लिकन चर्च कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडचाच भाग होते. बिशपांच्या नेमणुका ब्रिटिश राजसत्तेकडून होत. असे परावलंबी चर्च दुसऱ्या चर्चशी स्वतःच्या निर्णयाने एक कसे होणार? त्यामुळे ऐक्याआधी स्वातंत्र्य आवश्यक होते. भारतीय चर्चची स्वतंत्र घटना आकाराला येण्याच्या कामातही पामर आघाडीवर होते. ब्रिटिश संसदेने १९२७ मध्ये इंडियन चर्च अ‍ॅक्ट संमत केला आणि १ मार्च १९३० पासून भारतातील अँग्लिकन चर्च स्वायत्त झाले. देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या १७ वर्षे आधी.

त्यांच्या धर्मप्रांतातही बदल घडत होते. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर येथे ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. भारतीय वेश, भारतीय आहार आणि आश्रमी जीवन स्वीकारणाऱ्या या संघाला पामर यांचा आशीर्वाद होता. पुढे संघाचे केंद्र पुण्यात गेले आणि व्हेरिअर एल्विन हे १९२७ मध्ये याच संघातून भारतात आले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे पंथांच्या ऐक्यावर पहिली जागतिक परिषद झाली. पामर आणि अझरिया दोघेही तिथे होते. १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याच वर्षी पामर मुंबईचे बिशपपद सोडून इंग्लंडला परतले.

सामान्य माणसाशी या वादाचा काय संबंध?

दीक्षेचा प्रश्न धर्मशास्त्र्यांच्या खोलीतला वाटतो. तो तसा नव्हता, हे १९३५ नंतर महाराष्ट्रातच दिसले. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर अझरिया आणि आंबेडकर यांची भेट झाल्याचे अझरिया यांच्या चरित्रात नमूद आहे. आपले लोक ख्रिस्ती झाले तर ते जिथे असतील तिथे एकाच चर्चचे सदस्य राहतील का आणि त्यांना जातिभेदापासून पूर्ण मुक्ती मिळेल का, असे आंबेडकरांचे दोन प्रश्न होते. दोन्हींना होकार देता आला नाही, याची खंत अझरिया यांना शेवटपर्यंत होती. चर्चमधील भिंती बाहेरच्या माणसालाही किती स्पष्ट दिसत होत्या, हे यातून कळते. ऐक्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वाट तरी उघडणार होती. दुसरा प्रश्न केवळ घटना लिहून सुटणारा नव्हता.

योजनेला विरोध का झाला?

इंग्लंडमध्ये पामर ग्लॉस्टर धर्मप्रांतात सहायक बिशप झाले, पण दक्षिण भारताचे काम त्यांनी सोडले नाही. तिथे त्यांना आपल्याच गोटातल्या लोकांशी वाद घालावा लागला. बिशपची दीक्षा नसलेले पाळक ३० वर्षे चालतील असे म्हणणे, म्हणजे बिशपपरंपरा ऐच्छिक ठरवणे, हा अँग्लो-कॅथलिकांचा आक्षेप. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली. यावरून वाद किती दूर गेला होता हे लक्षात येते.

दुसऱ्या बाजूलाही शंका होत्या. बिशप आला की त्याच्यासोबत अधिकारशाही येईल, सामान्य सभासदांचा आवाज दबेल, ही काँग्रिगेशनल मंडळींची भीती. म्हणून बिशप निवडलेला असावा आणि त्याने सभासद-पाळकांच्या सभेच्या चौकटीत काम करावे, अशी तरतूद योजनेत करावी लागली. मसुद्यावर मसुदे निघत गेले. अझरिया १ जानेवारी १९४५ रोजी निवर्तले. ऐक्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९४७ मध्ये काय झाले आणि मुंबई बाहेर का राहिली?

२७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये दक्षिण भारत चर्चची, म्हणजे सीएसआयची स्थापना झाली. बिशप असलेले आणि नसलेले पंथ एकत्र येऊन एक चर्च बनल्याची ही जगातील पहिली मोठी घटना मानली जाते. सुमारे १० लाख सभासद आणि १४ धर्मप्रांत त्यात आले. कालपर्यंत स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पाळक असलेले लेस्ली न्यूबिगिन आता बिशप झाले. पामर यांनी हे सारे दुरून पाहिले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

हे ऐक्य मद्रास, दोर्नकल, तिरुनेलवेली आणि त्रावणकोर-कोचीन या चार अँग्लिकन धर्मप्रांतांपुरतेच होते. मुंबई, नाशिक, नागपूर उत्तरेकडील वाटाघाटींत मोडत. त्या १९२९ मध्ये लखनौला सुरू झाल्या, पण रेंगाळल्या. शिवाय दक्षिणेच्या मार्गाची किंमत समोर दिसत होती. सीएसआयच्या बिनबिशप दीक्षेच्या पाळकांना इंग्लंडच्या चर्चने पूर्ण मान्यता दिली नाही. १९५५ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली. त्याआधी एक वर्ष, १९५४ मध्ये, पामर यांचे निधन झाले होते.

उत्तरेने म्हणून उलटा मार्ग निवडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्च मिळून उत्तर भारत चर्च, म्हणजे सीएनआय स्थापन झाले. तिथे सर्वच पंथांच्या पाळकांवर परस्परांच्या प्रतिनिधींनी हात ठेवले. कुणाच्या दीक्षेत काय कमी होते, याचा निवाडा प्रार्थनेत जाणूनबुजून देवावर सोडला होता. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर पडले. मात्र नगर जिल्ह्यातील अमेरिकन मिशन आणि एसपीजी यांच्या परंपरांतील मंडळी शंभर वर्षांनी एका छत्राखाली आल्या. सेंट थॉमस कॅथीड्रल तेव्हापासून सीएनआयचे झाले.

पामर यांच्या कामाचे मोल कशात आहे?

ऐक्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. चर्चच्या मालमत्तांवरून खटले झाले. गुजरातमधील ब्रदरन मंडळींच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जातीचा प्रश्नही उरलाच. रोमन कॅथलिक चर्च या वाटाघाटींत कधीच नव्हते. तरी सीएसआय, सीएनआय आणि मार थोमा चर्च यांनी १९७८ मध्ये संयुक्त परिषद स्थापन केली. मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मल्याळी, तेलुगू, मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांना एकमेकांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेता येते, ते अशा करारांमुळे.

पामर यांनी स्वतःचे मत सोडले नाही. बिशपपरंपरा त्यांना अखेरपर्यंत आवश्यक वाटत होती. त्यांनी सोडला तो आग्रह, की ज्याने ती परंपरा आजवर मानली नाही त्याने आधी आपली चूक कबूल करावी. दोन संस्था, दोन गट किंवा दोन घराणी एकत्र येताना बहुतेक वेळा अडते ते पुढे काय करायचे यावर नव्हे, तर मागे कोण बरोबर होते यावर. सीएसआयने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि एका पिढीला एकत्र राहण्याची मुदत दिली. ती मुदत १९७७ मध्ये संपली, तेव्हा ते चर्च अखंड होते.